न टेकणारी जीभ

सायली मॅडमनी हातमोजा चढवला, की सावळीराम देवरे यांच्या पोटात ढवळायला लागायचं. पांढरा रबरी हातमोजा, त्याच्या आतली ती पावडर, आणि तोंडात शिरला की जिभेवर पसरणारी फुग्यासारखी चव. पोरगी तशी चांगली होती. पुण्याहून वाचा-उपचार शिकून आलेली, हसतमुख, वेळेची पक्की. पण सत्तरी गाठलेल्या माणसाच्या तोंडात बोट घालून ती म्हणायची, "काका, जीभ वर. अजून वर. आता मागे वळवा. टाळूला टेकवा. म्हणा, ळ."

"य," सावळीराम म्हणायचे.

"ळ."

"य."

आणि ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ ओघळायची. सून मोहिनी टिश्यू घेऊन टपलेलीच असायची. ती लाळ पुसायची आणि म्हणायची, "गुड, बाबा, गुड!" स्वतःच्या लाळेची सावळीरामांना शिसारी यायचीच, पण त्या 'गुड'ची जास्त यायची.

अर्धांगाचा झटका हलका होता, असं डॉक्टरांचं म्हणणं. दिवाळीच्या तोंडावर आला, हात धरला, पाय धरला, वाचा धरली. हात सुटला, पाय सुटला, काठी टेकत का होईना ते नाशिकच्या इंदिरानगरातल्या आपल्या सोसायटीत खालच्या बागेपर्यंत जाऊन यायला लागले. वाचाही आली, पण भलत्याच दाराने आली. पन्नास वर्षं ज्या शुद्ध मराठीत ते बोलले, ती घशात अडकून बसली आणि तिच्या जागी आली त्यांच्या आईची बोली, अहिराणी, सटाण्यापलीकडच्या त्यांच्या गावची. ती मात्र घडाघडा आली. केळीला केयी, डोळ्याला डोया, आभाळाला आभाय. त्या मुलखात ळ कुणी बोलतच नाही, त्याच्या जागी य येतो आणि कुणाचं काही अडत नाही.

"मॅडम, बाबांना अहिराणी येतच नव्हती हो," मुलगा प्रफुल्ल काकुळतीने सांगायचा. "मी जन्मात कधी ऐकली नाही त्यांच्या तोंडून. इतकं स्वच्छ बोलायचे! त्यांच्या ऑफिसात कुणीही रिटायर होऊ दे, निरोप समारंभाचं निवेदन बाबांकडेच."

पोरगा खोटं बोलत नव्हता. या घरात सावळीरामांनी ती बोली कधी काढलीच नव्हती. पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून चिकटले, त्या पहिल्याच महिन्यात कचेरीतल्या काळ्या फळ्यावर सूचना लिहायचं काम त्यांच्याकडे आलं. साहेबांनी विचारलं, लिहिली का, तर हे म्हणाले, "हो साहेब, काया फयावर लिहिली." झालं. वर्षभर त्यांचं नाव काया-फया. चहावालासुद्धा विचारायचा, "काया-फया, कटिंग की फुल?" तेव्हा पंचवटीतल्या भाड्याच्या खोलीत, टिचभर आरशासमोर, जीभ वळवून वळवून, लाळ गळेपर्यंत त्यांनी ळ घोटला. आला एकदाचा. मग लग्न झालं ते नाशिकच्या छायाबाईंशी, आणि त्या बिचारीला मरेपर्यंत कळलं नाही की आपला नवरा रोज सकाळी उठल्यावर आधी ळ तोंडात बसवतो आणि मग चूळ भरतो.

आता तोच आरसा पुन्हा पुढ्यात आला होता. फरक एवढाच, की तेव्हा खोलीचं दार लावून घेता येत होतं.

सायली मॅडम हुशार होती, तिला नुसतं शिकवून भागत नसे, समजावूनही सांगावं लागे. टाळूला मधाचं बोट लावून, मध चाटायच्या निमित्ताने सावळीरामांची जीभ वर जाईल या आशेने ती थांबली होती, तेव्हा म्हणाली, "काका, य हा अर्धस्वर आहे. म्हणजे धड स्वर नाही, धड व्यंजन नाही. यात जीभ कुठेच टेकत नाही, नुसती टाळूजवळ जाते आणि परत येते. म्हणून तो सोपा. लहान मुलं बघा, जगातल्या कुठल्याही भाषेतली, ल जमला नाही की य म्हणतात. आणि मुलंच कशाला? स्पेनमध्ये दोन ल जोडून लिहितात आणि बोलताना बहुतेक जण चक्क य म्हणतात. फ्रेंचांचं तसंच. हंगेरीतही तसंच. जीभ आळशी असते काका, जगभर तिची हीच चूक."

सावळीराम टाळूवरचा मध चाटत ऐकत होते. मध गोड नव्हता, औषधी दुकानातला होता, आणि त्याला हातमोज्याचा वास लागलेला होता. म्हणजे अख्ख्या स्पेनला अर्धांगाचा झटका आला होता की काय, असं त्यांना विचारायचं होतं. आपली आई पहाटे जात्यावर बसायची, दिवसभर कांदे लावायची, रात्री अंधारात भाकरी थापायची, तिची जीभ तेवढी आळशी होती का, असंही विचारायचं होतं. पण हे सगळं शुद्ध मराठीत विचारायचं तर शब्द सापडेना, आणि अहिराणीत विचारलं तर मॅडम म्हणणार, बघा, पुन्हा य. त्यांनी मध गिळला. त्यांना ओकारी आली.

मोहिनीने पटकन वाडगं पुढे केलं.

त्यांना जायचं होतं. एवढंच होतं त्यांच्या मनात, बाकी काही नाही. सटाण्यापलीकडच्या त्या गावात त्यांची धाकटी बहीण कुसाबाई राहत होती, नवरा गेलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला. घर दोघांचं होतं. ओटा होता, शेवगा होता, पुढे सात-आठ घरं भाऊबंदांची होती. तिथे जाऊन राहायचं, कडक भाकरी मोडून खायची, आणि तोंड उघडलं की कुणी टिश्यू घेऊन धावत येणार नाही, एवढं त्यांना हवं होतं. इथे डाळभातसुद्धा मिक्सरमधून काढून देत. गिळायला त्रास नको म्हणून. गिळायला कधीच त्रास नव्हता. हे त्यांनी सांगितलंही होतं, पण त्या वाक्यात एक ळ होता.

प्रफुल्लचं म्हणणं असं, की बाबा, तिथे तुमचं बोलणं कुणाला कळणार? अडीअडचणीला आम्हाला फोन केलात तर? आणि मग त्याने शब्द दिला. स्वतःच्या तोंडाने, सगळ्यांसमोर. "बाबा, ज्या दिवशी तुम्ही स्वतःचं नाव नीट घ्याल ना, त्या दिवशी मी गाडी काढतो. मी स्वतः सोडून येतो तुम्हाला. प्रॉमिस."

"सावयीराम," सावळीराम लगेच म्हणाले.

प्रफुल्लने डोळे पुसले. त्याला वाटलं, बाप प्रयत्न करतोय.

पहिल्या-पहिल्यांदा कुसाबाईचा फोन यायचा. "भाऊ, कसा शे? कव्हय येशी घर?" आणि सावळीरामांचं तोंड मोकळं सुटायचं. "येसू वं कुसा, येसू. तू डोयानी कायजी ले." पाऊस, शेजारच्यांची भांडणं, कुणाची गाय व्याली, कोण मेलं, सगळं. एकही शब्द अडायचा नाही, लाळ गळायची नाही. फोन ठेवला की ते ताजेतवाने दिसत. मोहिनीने हे मॅडमच्या कानावर घातलं. मॅडम विचारात पडली आणि म्हणाली, "सध्या आत्यांशी बोलणं जरा कमी केलं तर? इथे आपण जीभ टेकवायला शिकवतोय आणि तिथे सगळा सराव वाया जातो."

कमी नाही, बंदच झालं. मोहिनीने त्यांचा मोबाइल फ्रिजवर, गोळ्यांच्या डब्याशेजारी नेऊन ठेवला. वाजला की तीच उचलायची आणि म्हणायची, "आत्या, बाबांचा क्लास चालू आहे हं." तिच्या मनात वाईट काही नव्हतं. आपण म्हाताऱ्यासाठी किती करतो या विचाराने तिचा चेहरा त्या दिवसांत उजळून गेला होता, आणि त्या उजळलेल्या चेहऱ्याकडे बघून सावळीरामांना मळमळायचं. वाईट माणसाला शिवी तरी हासडता येते.

व्हिडिओ हा आणखी एक प्रकार. 'बाबांची रिकव्हरी' असं नाव देऊन ती दर आठवड्याला एक व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायची. तिने एकदा कौतुकाने तो सावळीरामांनाच दाखवला. पडद्यावर एक म्हातारा होता. त्याच्या गळ्यात लहान मुलाचं बांधतात तसं फडकं होतं, तोंड वाकडं झालं होतं, त्यातून "काया... फया..." असं येत होतं, आणि मागून सगळे टाळ्या वाजवत होते. खाली हात जोडलेली चित्रं, बदाम, आणि कुणा पुतण्याने हसून डोळ्यांतून पाणी येणारं तोंड टाकलेलं. पन्नास वर्षांपूर्वी कचेरीत पडलेलं नाव आता अख्ख्या भावकीत पोहोचलं होतं. सावळीरामांनी फोन परत दिला आणि हात पायजम्याला पुसला.

त्या दिवसापासून त्यांनी चंग बांधला. मॅडमसमोर ते पूर्वीसारखेच य म्हणत राहिले. पण सकाळी न्हाणीघरात, गिझरचं पाणी बादलीत सोडून, त्या आवाजाच्या आडोशाने ते जीभ वळवायला लागले. जीभ जड होती, उजवीकडे ओढ घ्यायची. फिनेलच्या वासाने डोकं भणभणायचं. आरशात स्वतःचं तोंड, पिवळे दात, थरथरणारी जीभ, हनुवटीवर लाळ. काय ही घाण, असं त्यांना रोज वाटायचं, आणि रोज ते पुन्हा तोंड उघडायचे. घर गाठायचं तर या एका अक्षराच्या नाक्यावरून जाणं भाग होतं.

आणि एके सकाळी जीभ टेकली. टाळूला, मागे, जिथे टेकायला हवी तिथेच. "ळ." पुन्हा म्हणून पाहिलं. "काळ. वेळ. गळा." मग हळूच, घाबरत, "सावळीराम."

आनंद होईल असं त्यांना वाटलं होतं. पण आरशातल्या माणसाने ते नाव घेतलं आणि त्यांना एकदम निरोप समारंभातला तो इस्त्रीचा सदरा आठवला, शाल आठवली, नारळ आठवला, आणि जेवणानंतर पानात उरलेल्या जिलबीवर बसणाऱ्या माश्या आठवल्या. आईने या नावाने त्यांना एकदाही हाक मारली नव्हती. ती सावया म्हणायची. किळस आली त्यांना त्या गुळगुळीत नावाची. पण नाव किळसवाणं असलं तरी चालणार होतं, त्यावर गाडी निघणार होती.

रविवारी मॅडम आली. प्रफुल्ल घरी होता. मोहिनीने फोन उभा केला, फडकं बांधायला आली, तर सावळीरामांनी हाताने बाजूला केलं. मॅडम हातमोजा चढवायला लागली, तो हातही त्यांनी बाजूला केला. सोफ्यावर ताठ बसले आणि म्हणाले, "माझे नाव सावळीराम. काळा फळा. वेळेवर पाळावे."

मोहिनी किंचाळली आणि टाळ्या वाजवायला लागली. प्रफुल्लने येऊन मिठी मारली, त्याच्या आफ्टरशेव्हचा वास सावळीरामांच्या नाकात गेला, पण त्यांनी तो सोसला. मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. पेढे कुठून तरी लगेच निघाले. म्हणजे ते आणूनच ठेवलेले होते. मिक्सरमधून न काढलेला पेढा त्यांनी कित्येक महिन्यांत पहिल्यांदा खाल्ला.

खाऊन झाल्यावर ते उठले. "गाडी," ते म्हणाले. "गावाला."

"गावाला?" प्रफुल्ल हसला. "बाबा, आता कशाला गावाला? आता तर तुम्ही बरे झालात! आता जायची गरजच काय? पुढच्या महिन्यात आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचा वर्धापनदिन आहे. निवेदनासाठी मी तुमचं नाव देऊन टाकणार. सगळ्यांना दाखवूया ना, बाबा परत आले."

सावळीरामांनी त्याच्याकडे पाहिलं. आजारी होतो म्हणून जायचं नाही, आणि बरा झालो म्हणूनही जायचं नाही. त्यांच्या जिभेवर पेढा अजून होता, तो एकाएकी हातमोज्यासारखा लागला. आतून इतका तिटकारा दाटून आला, त्या पेढ्याचा, त्या टाळ्यांचा, आपण पोटच्या पोरासमोर शहाण्या पोपटासारखे बोललो त्याचा, की ळ जिथून आला तिथे निघून गेला. त्यांना तो थांबवायचाही नव्हता.

"तू शबद दिन्हा व्हता," ते म्हणाले. "मी नाव सांगं. आते माले घर जानं शे."

प्रफुल्लचा चेहरा पडला. "मॅडम, हे बघा... परत बिघडलं."

"दमलेत," मॅडम हळू आवाजात म्हणाली. "थकवा आला की जुन्या सवयी वर येतात. आज एवढंच पुरे."

मोहिनीने फोन बंद केला. "हा भाग नको टाकायला," ती म्हणाली.

सावळीराम आत गेले, सदरा बदलला, टोपी घातली. बाहेर येऊन फ्रिजवरचा आपला मोबाइल आणि गोळ्यांचा डबा खिशात टाकला. तिघं सोफ्यावर डोकी जुळवून पुढच्या महिन्याचा सराव ठरवत होते. सावळीराम दारात थांबले आणि प्रत्येक शब्द मोकळा करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी घर चालनू."

"हो बाबा, जाऊ हं आपण," प्रफुल्ल मान वर न करता म्हणाला. "खाली बागेत फार वेळ बसू नका, ऊन आहे."

एवढं सांगूनसवरून कुणी घर सोडलं नसेल. ते काठी टेकत खाली उतरले, कोपऱ्यावर रिक्षा केली. रिक्षावाल्याला बसस्टँडचं नाव सांगितलं, सीबीएस, ते इंग्रजी, ते तर सरळ आलं.

स्टँडवर घाण म्हणाल तर मोजायची सोय नव्हती. भिंतीच्या कोपऱ्यांत पानाच्या पिचकाऱ्या, मुतारीचा वास, कुणीतरी फेकलेल्या वडापावच्या कागदावर बसलेली कुत्री. देवळ्यावरून सटाण्याला जाणारी गाडी लागलेली होती. खिडकीखाली पत्र्यावर कुणाच्या तरी उलटीचे वाळलेले ओघळ होते. सावळीराम चढले. मधल्या एका बाकड्याजवळ पोहोचले, तर पलीकडून टोपलं मांडीवर घेऊन बसलेली एक बाई म्हणाली, "बाबा, तठे उलटी व्हयेल शे. इकडे बठा."

"ऱ्हाऊ दे, काय व्हत नही," सावळीराम म्हणाले.

बाईने मान डोलावली आणि टोपल्यातली मेथी सारखी करायला लागली. तिने वळून पाहिलं नाही, टाळी वाजवली नाही, टिश्यू काढला नाही. सावळीरामांनी रुमालाने बाकडं पुसलं, तो रुमाल खिडकीतून बाहेर टाकला आणि बसले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या पोटात काही ढवळत नव्हतं.

गाडी ओझरच्या पुढे गेली तेव्हा मोबाइल वाजला. प्रफुल्ल होता. "बाबा! कुठे आहात? बागेत नाही, वॉचमन म्हणतो रिक्षा केली! कुठे आहात तुम्ही?"

पोरगा घाबरला होता, खरंच घाबरला होता, आणि सावळीरामांना त्याची दया आली. ते जरा सावरून बसले. जीभ वर नेली, मागे वळवली, टाळूला टेकवली. आणि निरोप समारंभाचं निवेदन ज्या आवाजात करत, त्याच आवाजात, सावकाश, ते म्हणाले, "प्रफुल्ल, मी सावळीराम देवरे बोलतोय. मी सटाण्याच्या गाडीत बसलो आहे. दिवस मावळायच्या आत पोहोचेन. गोळ्या जवळ आहेत. काळजी नसावी. तुम्हा सगळ्यांचे आभार."

पलीकडून प्रफुल्लचा आवाज आला, हरखलेला, रडवेला.

"बाबा! सगळे ळ आले! एकही चुकला नाही! मोहिनी, अगं ऐक..."

सावळीरामांनी फोन कानापासून दूर धरला. मग तो बंद केला. बाहेर द्राक्षांचे मांडव मागे पडत होते. मग त्यांनी बहिणीचा नंबर लावला.

"कोन?" कुसाबाईने विचारलं.

"कुसा, मी सावया. घर यी ऱ्हायनू."

तिकडून भांड्याचा आवाज आला, चुलीपुढून उठल्यासारखा. कुसाबाईने तब्येत विचारली नाही, बोलणं कसं आहे तेही विचारलं नाही.

"मंग भाकर टाकू ना?" ती म्हणाली.